स्प्लेंडरवर शिकलेला पाय, बुलेटचा क्लच

गुरुवार, रात्री

मराठवाड्यात मोटरसायकल शिकायची म्हणजे बहुधा घरच्या स्प्लेंडरवरच. लायसन्सवर नुसतं ‘गिअरची मोटरसायकल’ एवढंच येतं, आणि तेवढ्यावर माणूस ९७ सीसीवरून थेट साडेतीनशेवर बसू शकतो. कोणतं इंजिन शिकलास, असं कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी पाय. स्प्लेंडरचे चारही गिअर पंजाने पुढे दाबून पडतात आणि टाचेने उतरतात. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चा, म्हणजे लोक जिला सरसकट बुलेट म्हणतात तिचा, पहिला पंजाने, पुढचे चार टाचेने. म्हणजे जो दाब स्प्लेंडरवर गिअर वाढवतो, तोच इथे कमी करतो. तिसऱ्यात पन्नासने चाललेल्या क्लासिकला चौथा टाकायला पंजा दाबला की दुसरा पडतो, इंजिन ओरडतं आणि मागचं चाक फरफटतं. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली काळी माती ओली असेल तर गाडी आडवीच होते. क्लासिकवरून स्प्लेंडरवर येणाऱ्याचं उलटं होतं. तो थांबताना पंजा दाबत राहतो, गाडी चौथ्यात उभी राहते आणि निघताना बंद पडते. यावर उपाय एकच: गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, एका हाताने मागचं चाक हळू फिरवत गिअर टाकायचे आणि काढायचे. पाय खाली न बघता बरोबर जाईपर्यंत.

मग क्लच. स्प्लेंडरच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५. टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ताकद, जेमतेम ८ न्यूटन मीटर, तोही ६००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या). म्हणून तिला आधी थोडी रेस द्यायची, मग क्लच सोडायचा. क्लासिकचा बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील (इंजिनाची गती टिकवून धरणारं चाक) असल्याने तिचा २७ न्यूटन मीटर टॉर्क ४००० लाच मिळतो. सपाट जागेवर पहिल्यात क्लच सावकाश सोडला तर रेस न देताही ती सरकते. इथे स्प्लेंडरसारखी रेस दिली की १९५ किलोची गाडी उडी घेते, घाबरलेली मूठ आणखी पिळली जाते, आणि बहुतेक पडझड इथेच होते.

म्हणून नवी गाडी हातात आली की पहिला वेळ मोकळ्या मैदानावर घालवावा. पहिला गिअर, रेस शून्य, क्लच कुठे पकडतो ते शोधायचं, पकडला की परत दाबायचा. त्याआधी क्लच लिव्हरच्या टोकाची ढील, म्हणजे क्लच ओढला जाण्याआधीची मोकळी हालचाल, बघावी. स्प्लेंडरला १० ते २० मिलिमीटर असते. ढील अजिबात नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही, प्लेटा घसरून जळतात. फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कडकड वाजत पडतो. मे महिन्यात रेल्वे फाटकावर हाफ क्लचवर उभं राहू नये, न्यूट्रल करावं. एअरकूल इंजिनाला उभ्या उभ्या वाराच मिळत नाही.

केटीएमची ३७३ सीसीची ड्यूक वेगळीच. सीसी क्लासिकच्या आसपास म्हणून तशीच चालवायला गेलं की फसतं. बोअर ८९, स्ट्रोक फक्त ६०. ३७ न्यूटन मीटर टॉर्क येतो ७००० ला. चौथ्यात तिशीने ओढायला गेलं की चेन खडखडते, गाडी गचके देते. अशा वेळी मूठ पिळून उपयोग नाही, गिअर उतरवावा. तिला स्लिपर क्लच (गिअर उतरवताना आपोआप थोडा घसरणारा) आहे, त्यामुळे पटापट गिअर उतरवले तरी मागचं चाक सहसा फरफटत नाही. ती सवय लागलेल्याने क्लासिकवर एकेकच गिअर उतरवावा, प्रत्येक वेळी किंचित रेस देऊन.

घाटाचं मात्र जपून. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना क्लासिक दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवली तर मूठ सोडल्यावर इंजिनच गाडी धरतं, ब्रेक तापत नाहीत. गावोगाव जिवापाड जपलेली यामाहाची आरएक्स १०० टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारी. मूठ सोडली तरी ती फारशी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय तिचा ऑइल पंप मुठीला जोडलेला. लांब उतारावर मूठ बंद ठेवली की इंजिन वेगाने फिरतं, पण ऑइल अगदी कमी मिळतं, आणि पिस्टन जाम होऊ शकतो. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यावी, म्हणजे ऑइल पोचतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणं कोणत्याच गाडीवर नको. पुढच्या वळणावर ट्रक समोर आला तर गिअर शोधायला वेळ नसतो.