आमची वाटचाल : दवाखान्याच्या पलंगापासून वजन सांगणाऱ्या वॉकरपर्यंत

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे झाले. जिथे इतके दवाखाने, तिथे पलंग, ट्रॉल्या आणि सलाईनचे स्टँड बनवणारे व डागडुजी करणारेही आलेच. माझ्या वडिलांनी १९८७ साली पत्र्याच्या भाड्याच्या शेडमध्ये एक वेल्डिंग मशीन आणि पाइप वाकवायचे हातयंत्र घेऊन याच कामाला सुरुवात केली. आज कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची स्वतःची जागा आहे आणि अकरा माणसे कामाला आहेत. या प्रवासात काय जमले आणि काय फसले, तसेच पुढची कोणती साधने आमच्या वहीत आहेत, हे मी येथे लिहीत आहे.

सुरुवातीच्या काळात पलंगांच्या जोडीने पोलिओच्या मुलांच्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरसाठी लागणाऱ्या पट्ट्या आणि गुडघ्याची कुलपे आम्ही बनवून देत असू. दरवर्षी मुलाचा पाय वाढे आणि पट्टी नव्याने करावी लागे. पुढे ही मागणी आटत गेली. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. धंद्यातला एक आख्खा विभाग बंद पडावा आणि मालकाने समाधानाने त्याचे साचे भंगारात घालावेत, असा प्रसंग व्यवसायात फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

त्यानंतर आम्ही चाकाच्या खुर्च्यांकडे वळलो. त्या चांगल्या खपत होत्या, पण एका आजींच्या घरी ब्रेक दुरुस्त करायला गेलो असताना त्यांनी सहज म्हटले, "बाळा, तुझी खुर्ची मला दारापर्यंत आणते. आत न्यायला सूनबाईच लागते." मी टेप काढून मोजले. खुर्चीची बाहेरून रुंदी पंचवीस इंच होती आणि संडासाचे दार चौकटीच्या आतून तेवीस. सार्वजनिक इमारतीत दार ९०० मिलिमीटर मोकळे असावे, असे सुगम्यतेचे मार्गदर्शक नियम सांगतात; मात्र चाळीतल्या, वाड्यातल्या आणि गावाकडच्या घरातल्या दाराला ते लागू करणार कोण? मग आम्ही मोठी चाके काढून टाकली, एकोणीस इंच रुंदीची आणि कमोडवरून थेट सरकणारी खुर्ची बनवली आणि खाली चार इंची चाके बसवली. ती शहाबादी फरशीच्या दीड इंची उंबऱ्याला अडू लागली, म्हणून पाच इंची लावली. तेव्हापासून आमच्या ऑर्डरच्या कागदावर रुग्णाच्या वजनाच्याही आधी दाराची रुंदी आणि उंबऱ्याची उंची विचारलेली असते.

या अनुभवानंतर मला वाटू लागले होते की, आपल्याला आता लोकांची गरज कळते. तो भ्रम २०१८ साली उतरला. अडथळा जवळ आला की आवाज करणारा वॉकर आम्ही तयार केला होता. आयआयटी दिल्लीत अंध व्यक्तींसाठी विकसित झालेल्या स्मार्टकेन या काठीत ध्वनिलहरींनी अडथळा ओळखतात, हे आम्हाला ठाऊक होते आणि तेच तत्त्व आम्ही उचलले. वर्कशॉपच्या मोकळ्या जागेत वॉकर फार छान चालला. दहा बाय दहाच्या खोलीत मात्र पलंग, कपाट, तांदळाची कोठी आणि भिंत या सगळ्यांकडे बघून तो अखंड कोकलत राहिला. दिलेल्या सहा वॉकरपैकी पाचांतले सेल लोकांनी आठवड्याभरात काढून ठेवले होते आणि सहाव्यातले नातवाने खेळण्यात घातले होते. अंध माणसाची अडचण आणि डोळ्यांनी नीट दिसणाऱ्या, पण पायात बळ नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची अडचण एक नव्हे, एवढी साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो. दोष यंत्राचा नव्हता.

सध्या आम्ही ज्या कल्पनेवर सर्वाधिक वेळ घालवत आहोत, ती एका फिजिओथेरपिस्टच्या तक्रारीतून आली. खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाल्यावर काही रुग्णांना डॉक्टर सांगतात की, या पायावर निम्मेच वजन टाका. आता निम्मे म्हणजे किती, हे रुग्णाला कळायचे कसे? कोणी घाबरून पाय टेकतच नाही, तर कोणी दुसऱ्या दिवशी सगळा भार देऊन मोकळा होतो. हिशेब मात्र सरळ आहे. साठ किलोच्या माणसाने चांगला पाय उचललेला असताना वॉकरवर तीस किलो भार असेल, तर उरलेले तीस किलो दुखऱ्या पायावर आहेत. म्हणून घरगुती डिजिटल वजनकाट्यात असतात तसे भार मोजणारे लोड सेल वॉकरच्या चारही पायांत बसवायचे आणि दुखऱ्या पायावर ठरलेल्यापेक्षा जास्त वजन गेले, तर मुठीखाली हलके कंपन द्यायचे, असा आमचा विचार आहे. आवाज आता अजिबात नको.

पहिल्या चाचणीला आमचे चौसष्ट किलोचे जुने वेल्डर एक पाय काट्यावर ठेवून, दुसरा उचलून वॉकरला रेलून उभे राहिले. काटा आणि वॉकर यांची बेरीज चौसष्ट यायला हवी होती, ती एकसष्ट आली. तीन किलो गेले कुठे, हे शोधण्यात आमचे बारा दिवस गेले. अखेर असे दिसले की, वॉकरच्या पायाखालचा रबरी बूट नळीला इतका घट्ट बसत होता की काही भार लोड सेलमधून न जाता रबरातून परस्पर जमिनीत उतरत होता. बूट आणि नळी यांच्यात एक मिलिमीटर फट ठेवल्यावर बेरीज जुळली. आता त्याच फटीतून न्हाणीघरातले पाणी आत शिरते, हा पुढचा प्रश्न आहे.

पाण्याचा धसका आम्ही ऑगस्ट २०१९ मध्ये घेतला आहे. कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले होते. पूर ओसरल्यावर खुर्च्या दुरुस्तीला येऊ लागल्या. हाताने चालवायच्या खुर्च्यांच्या बेअरिंगमधला गाळ रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून त्या परत उभ्या केल्या. बॅटरीवरच्या खुर्च्यांपैकी मात्र एकही वाचली नाही, कारण मोटारीला वीज सोडणारा कंट्रोलर सीटखाली चार स्क्रूंनी पक्का केलेला होता. घरातून जीव घेऊन निघणाऱ्या माणसाने स्क्रू-ड्रायव्हर शोधायचा का? आमच्या कोणत्याही नव्या साधनातला वीज लागणारा भाग हाताने ओढून काढता आला पाहिजे आणि तो काढल्यावरही साधन साधे साधन म्हणून चालले पाहिजे, ही अट आम्ही तेव्हापासून घातली आहे. वजन सांगणारा वॉकर बॅटरी संपल्यावर वॉकरच राहतो, म्हणून तो या अटीत बसतो.

उठायला मदत करणारी खुर्ची मात्र अजून जमलेली नाही. मोटार नको म्हणून आम्ही दाबलेल्या वायूच्या जोरावर उघडणारी गॅस स्प्रिंग वापरून पाहिली, पण पंचावन्न किलोच्या आजोबांना अलगद उचलणारी स्प्रिंग चाळीस किलोच्या आजींना जवळजवळ फेकते. स्प्रिंगच्या टोकाची जागा पुढेमागे करून जोर बदलता येतो. तो बदल घरच्यांकडून चुकीचा झाला तर काय, याचे उत्तर सापडेपर्यंत ती खुर्ची विक्रीला ठेवायची नाही, असे ठरवले आहे.

वहीतली तिसरी कल्पना आमच्या आवाक्याबाहेरची असेलही. मधुमेहात पायाची संवेदना गेलेल्या माणसाला खडा टोचलेला किंवा चप्पल घासलेली कळत नाही आणि जखम दिसेपर्यंत उशीर होतो. आपल्याकडे अशा पायांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल वापरतात आणि ती उपयोगीही आहे. तथापि, जखम होण्याआधी ती जागा गरम होते आणि दोन्ही तळव्यांच्या त्याच जागी सुमारे २.२ अंश सेल्सिअसचा फरक सतत राहिला, तर तो धोक्याचा इशारा मानतात. सकाळी दात घासताना दोन मिनिटे उभे राहण्याची चटई हा फरक दाखवू शकेल, असे मला वाटते. परदेशात अशा चटया निघाल्या आहेत. मला ती वाण्याच्या दुकानातल्या वजनकाट्याइतकी सोपी आणि दुरुस्त होण्याजोगी हवी आहे.

नियमांविषयी थोडे. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग करतात. निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या ए वर्गातील साधनांना परवान्यातून सूट असून केवळ नोंदणी पुरते. आमचा साधा वॉकर त्या सुटीत बसतो, पण त्यात लोड सेल घालताच तो मोजमाप करू लागतो आणि सूट जाते. लहान कारखान्याला हा खर्च जड जातो, हे खरे. तरीही माझी तक्रार नाही, कारण चुकीचे वजन सांगणारा वॉकर हा काहीच न सांगणाऱ्या वॉकरपेक्षा वाईट. करांबाबत मात्र तक्रार आहे : २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नळीवर १८ टक्के आणि तयार खुर्चीवर ५ टक्के असा उलटा हिशेब झाला आणि जास्त भरलेल्या कराच्या परताव्याच्या वाटेवर आमचे खेळते भांडवल अडकू लागले.

सध्या तिसरा नमुना टेबलावर आहे. त्याच्या बुटांना आतून पातळ रबरी पडदा लावला असून चारही पाय गेले नऊ दिवस पाण्याच्या बादलीत उभे आहेत. आमचे वेल्डर रोज सकाळी चहाच्या आधी त्यावर रेलून बेरीज करतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहितात. कालचा आकडा त्रेसष्ट आहे.