श्वास धरा

परवा दुपारी वहिनीकडे गेले तर ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली, चष्मा कपाळावर, चहावर साय आलेली आणि समोर वहीत आकडेच आकडे. मला वाटलं टेंटवाल्याचा हिशोब अजून मिटला नाही. तर ते आकडे फोटोंचे होते. भाचीच्या लग्नाला दोन महिने होऊन गेले आणि आत्ता कुठे फोटोग्राफरनी लिंक पाठवली, 2400 फोटो, त्यातले 150 अल्बमसाठी निवडून त्याला नंबर कळवायचे. नवरानवरी बंगलोरला जाऊन कामाला लागले, ते म्हणे तुम्हीच निवडा. "बस ग तू पण, माझे तर डोळे फुटायची वेळ आली," वहिनी म्हणाली. पलंगावर काकू मटार सोलत होती. काकू आता वहिनीकडेच असते, ब्याऐंशी वर्षांची आहे, कान गेलेत असं सगळे म्हणतात पण आपल्या कामाचं तिला सगळं ऐकू येतं.

मग बसले.

लग्नाचे फोटो बघायला बसलेला माणूस आधी काय शोधतो ते मी सांगायला नको. दहा मिनिटं मी अगदी इमानदारीत नवरीकडे बघितलं, मेंदी बघितली, मुंडावळ्या बघितल्या, अंतरपाटाच्या वरून डोकावणारा जावई बघितला, आणि मग एका फोटोत मागे डाव्या कोपऱ्यात माझी माहेश्वरी दिसली. माझी म्हणजे साडी माझी. वरचा चेहरा कुणाचा ते कळेना. मान ताणलेली, छाती फुगलेली, ओठ घट्ट मिटलेले, डोळे वटारलेले. एक्सरे काढायला उभं करतात ना, तसं. पुढचा फोटो, तसंच. हळदीला पिवळी साडी, चेहरा एक्सरेचा. सीमांतपूजनाला मरून साडी, चेहरा एक्सरेचा. वहिनी म्हणाली "अग तुझा हा असाच असतो", जशी काही नाकावर तीळ आहे अशा सुरात.

आणि खरंच असाच असतो. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममधे सप्तपदीच्या सातही पावलांवर मी श्वास धरून आहे. नवऱ्याचं म्हणणं, तो अजून सोडलाच नाहीयेस.

ह्याला जबाबदार फोटोवाले काका. 1981 साली मावशीचं लग्न झालं, इंदूरला रामबागेत, वाड्याच्या चौकातच मांडव होता, आणि मी करवली, आठ वर्षांची, परकर-पोलकं, हातात तो तांब्या ज्यातलं पाणी सारखं माझ्याच पायावर सांडत होतं. फोटोवाले काका सफारी घालून यायचे, गळ्यात चामड्याच्या कव्हरचा कॅमेरा, आणि एक मुलगा छत्री घेऊन मागे, ती चंदेरी छत्री आम्हा पोरांना इतकी आवडायची की पाऊस नसताना ह्यांच्याकडेच छत्री कशी हे विचारायचंही सुचलं नाही. एका रोलमधे 36 फोटो. त्यामुळे प्रत्येक क्लिकला किंमत होती आणि ती किंमत काका सगळ्यांना ऐकवायचे. ग्रुप फोटोला माणसं उभी केली, उंच मागे, बायका पुढे, पोरं खाली मांडी घालून, की ते एक डोळा मिटून म्हणायचे, "हं... हलू नका... श्वास धरा..." आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात यायचं की फ्लॅश चार्ज झालेला नाहीये. फ्लॅशगन बारीक आवाजात चींऽऽऽ करत बसायची, तिचा नारिंगी दिवा लागेपर्यंत थांबायचं, आणि तोपर्यंत "धरा... धरा..." पंचवीस माणसं मांडवात श्वास धरून उभी. मग धप्पकन पांढरा उजेड. आणि लगेच काका वळून मुलाला काहीतरी सांगायला लागायचे.

सोडा असं ते कधी म्हणायचेच नाहीत. बाकीचे आपापले सोडायचे, मी आज्ञाधारक होते.

नंतर वाचनात आलं की हे श्वास धरणं, न हलणं, हा फोटोच्या अगदी जुन्या दिवसातला वारसा आहे, तेव्हा काचेवर मसाला लावून फोटो काढायचे, एकेका फोटोला कितीतरी सेकंद लागायचे, हललात की भूत. आणि त्यातले एक मोठे नाव आपल्या इंदूरचेच, लाला दीनदयाळ. रुडकीला इंजिनिअरिंग शिकून 1866 साली इथे पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन म्हणून लागले, मग नोकरी सांभाळून कॅमेऱ्याचा नाद लागला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी उत्तेजन दिलं, आणि पुढे निझामाच्या दरबाराचे फोटोग्राफर झाले. त्यांच्या फोटोतले राजे बघा, तलवारीवर हात, नजर समोर, एकजण हसेल तर शपथ. मला ती माणसं फार जवळची वाटतात.

पण मग त्याच घराण्यातले यशवंतराव होळकर दुसरे, आणि त्यांची राणी संयोगिताबाई. 1930 च्या आसपास फ्रान्समधे मॅन रे नावाच्या फोटोग्राफरनी त्यांचे फोटो काढले. कधी बघितले नसतील तर बघा. दोघं अगदी तरुण, सडपातळ, एकमेकांना बिलगून खळखळून हसतायत, कॅमेरा आहे की नाही ह्याची काही पर्वाच नाही. नव्वद पंचाण्णव वर्षं झाली त्याला आणि आत्ता माझ्या भाचीनी कृष्णपुरा छत्रीवर, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, जे प्रीवेडिंग शूट केलं, ज्यासाठी पहाटे पाचला उठून थंडीत गाऊन घालून गेली, त्यात फोटोग्राफर जे "भिया थोड़ा नॅचरल हंसो ना" म्हणून चार तास ओरडत होता, ते हेच. महाराजांना तर कुणी ओरडलंही नसेल. त्यांनी मग इथे माणिकबाग नावाचा राजवाडा बांधवून घेतला, जर्मन आर्किटेक्ट बोलावून. तिथे आता टॅक्सचं ऑफिस आहे. असो.

भाची माझ्यासारखी नाही. ह्या बाबतीत फार पद्धतशीर. लग्नाच्या आठ दिवस आधी तिनी हॉलमधे आम्हा सगळ्या बायकांना ओळीनी उभं केलं आणि क्लास घेतला. आत्या, हनुवटी पुढे आणि मग जरा खाली, कासवासारखी. (कासव हा शब्द तिचा. आरशात केलं तर वाईट दिसतं, फोटोत म्हणे डबल हनुवटी जाते.) वजन मागच्या पायावर. हात अंगाला चिकटवायचा नाही, दंड दाबला की दुप्पट दिसतो, मधे थोडी हवा राहू द्यायची. ग्रुपमधे कडेला उभं राहायचं नाही, रुंद लेन्स कडेच्या माणसाला ताणते, सगळे जाड लोक कडेलाच का असतात असं वाटतं त्याचं कारण ते जाड नसतात, कडेला असतात. हे ऐकून माझ्या दोन्ही नणंदांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. आणि मग लग्नात झालं काय, की स्टेजवर ग्रुप फोटोला कडेला कुणी जाईचना, सगळ्या मधे, आणि बिचारे पुरुष दोन्हीकडे ताणले जायला मोकळे.

वहिनीनी मात्र मनावर घेतलं. गॅसपाशी उभी राहून फोडणी देताना पण वजन मागच्या पायावर. भावानी विचारलं, पाय दुखतोय का ग.

मला ते काही जमलं नाही. हनुवटी पुढे घेतली की हात विसरायचे, हात सुटा केला की कासव आत जायचं. आणि हे सगळं करून क्लिकच्या क्षणी आतून फोटोवाले काका म्हणायचेच, धरा.

शिवाय थंडी. डिसेंबरातलं लग्न, बायपासकडचं मॅरेज गार्डन, रात्री साडेदहा, आणि आठ-नऊ डिग्री. ह्या विषयावर कुणी लिहित कसं नाही मला कळत नाही. पुरुष सगळे ब्लेझरमधे आणि आम्ही बायका हिरवळीवर अर्ध्या बाह्यांच्या ब्लाऊजमधे, कारण शाल घेतली की साडीचा पदर झाकला जातो आणि पदर दिसायला नको तर मग साडी नेसलीच कशाला. तर फोटोग्राफर दिसला की शाली खाली, तो वळला की शाली वर. सगळी रात्र हेच. एका फोटोत मागे गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) स्टॉलपाशी उभ्या असलेल्या विहीणबाईंची शाल अर्धी खाली आलेली आणि अर्धी अजून खांद्यावर, एका हातात प्लेट, आणि चेहऱ्यावर अतिशय प्रसन्न हास्य. वहिनी म्हणाली हा घ्यायचाच. मी म्हंटलं अजून वर्षसुद्धा झालं नाही ग, जरा थांब.

डोळे मिटलेले पण खूप निघाले. ह्याचं गणित आहे बरं का. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ते मांडलं आणि 2006 साली त्यांना इग्नोबेल मिळालं, ते गमतीचं नोबेल असतं ना ते. वीसच्या आत माणसं असली तर चांगल्या उजेडात माणसांना 3 ने भागायचं आणि कमी उजेडात 2 ने, तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळायची बऱ्यापैकी खात्री. म्हणजे अठरा माणसांना दिवसा सहा. 36 च्या रोलमधे कोण सहा देणार! एक द्यायचे. त्यामुळे आमची मोठी मावशी 1981 पासून डोळे मिटून उभी आहे, आणि तिच्या नातवंडांना ती तशीच माहीत आहे, ध्यानाला बसल्यासारखी. प्रत्यक्षात तिनी आयुष्यात पाच मिनिटं डोळे मिटले नाहीत, घरातलं पान तिला दिसल्याशिवाय हलायचं नाही.

तेवढ्यात वहिनीनी माझा एक फोटो मोठा केला, म्हणाली हा चांगलाय बघ. मला तो मुळीच चांगला वाटला नाही, तोंड वाकडं, भांग भलतीकडे. तिला मात्र खरंच आवडला होता. हे पण कुणीतरी तपासून ठेवलंय, 1977 साली अमेरिकेत बायकांना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटवलेला, तर त्यांना स्वतःला जास्त करून उलटा आवडला आणि मैत्रिणींना सरळ. आपण जन्मभर आरशातल्या बाईला ओळखतो आणि बाकीचे लोक तिला कधी भेटलेलेच नाहीत. मी वहिनीला हे सांगायला गेले तर ती म्हणाली, "मग घेऊ की नको ते सांग."

घे म्हंटलं.

असं करत करत शंभर झाले असतील. समोर भिंतीवर काकांचा, फोटोवाल्या नव्हे, काकूच्या नवऱ्याचा फोटो आहे, हार घातलेला. काकांना जाऊन बारा वर्षं झाली. तो फोटोही लग्नातलाच, चुलतभावाच्या लग्नात डोक्याला फेटा होता तेव्हाचा, कारण ऐनवेळी शोधायला गेलो तर घरात त्यांचा धड फोटो तेवढाच. बाकी सगळे रेशनकार्डाचे, पेन्शनचे, नाहीतर पाठमोरे पंगतीत वाढताना. म्हणून तो ग्रुपमधून कापून मोठा करून घेतला. त्यांच्या डाव्या कानाशी हिरवा तुकडा दिसतो, तो काकूच्या शालूचा खांदा आहे. स्टुडिओवाला म्हणाला होता, कॉम्प्युटरवर साफ करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. काकू म्हणाली राहू दे.

आपल्याकडे बहुतेक घरांत भिंतीवरचे फोटो असेच लग्नातून आलेले असतात. माणूस नीट नेसलेला, केस विंचरलेला, नीट उभा राहिलेला असा सापडतो कुठे, तर दुसऱ्याच्या लग्नात. हे आम्ही कुणी कधी बोलत नाही.

काकू मटार सोलता सोलता कधी उठून मागे येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलंच नाही. वहिनी भराभर पुढे जात होती तर म्हणाली, "थांब. मागे घे. अजून एक."

फोटोत काकू एकटी होती. खुर्चीत, लॉनवर, मोतिया रंगाची साडी, अंगावर चक्क शाल, कारण तिनी कुणाच्याच सांगण्यावरून ती खाली केली नव्हती. हनुवटी खाली नाही, हात सुटा नाही. कोणीतरी बाजूनी काहीतरी बोललं असावं आणि ती तिकडे बघून हसत होती, पुढचा एक दात नाही तो दिसतोय.

"हा एकटीचा आहे ना?"

"हो काकू. मस्त आलाय. अल्बममधे घेऊ या."

"अल्बममधे नको." ती जरा वाकून बघत राहिली, हातात अजून मटारचं साल. मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, "ह्यांच्याएवढा मोठा होईल का ग तो?"

वहिनीनी माझ्याकडे बघितलं. मी म्हंटलं, होईल, हल्ली कितीही मोठा होतो.

"मग ठेव जपून. नंतर तुमची धावपळ नको."

आणि ती परत पलंगावर जाऊन बसली, ताट पुढे ओढलं. वहिनीनी नंबर लिहून घेतला, 1863, वहीच्या मागच्या पानावर.