हार्पर्स फेरी, अँटिटम, गेटिसबर्ग: अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या वाटेवर

वॉशिंग्टनला येणारे आपले बहुतेक पाहुणे लिंकनचं स्मारक पाहून परततात. एखादा मुक्काम वाढवता आला तर गाडी घेऊन वायव्येला निघा. हार्पर्स फेरी, अँटिटम आणि गेटिसबर्ग एकाच फेरीत होतात, पण क्रम हाच ठेवा. थेट गेटिसबर्गला गेलं की तोफा आणि पुतळे दिसतात, युद्ध पेटलं कशावरून ते राहूनच जातं.

‘राज्यांच्या हक्कांसाठी लढाई झाली’ हे वाक्य आम्हालाही वाटेत ऐकवलं गेलं. मला ते मुळीच पटत नाही. फुटून निघालेल्या राज्यांनी आपली कारणं स्वतःच लिहून ठेवली आहेत. आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असं मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटलंय. १८६० च्या जनगणनेत सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी जाऊ द्यायची की नाही, यावर तंटा धुमसत होता. ती पसरू देणार नाही म्हणणारा लिंकन १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि त्याच डिसेंबरात साउथ कॅरोलिना बाहेर पडलं. मग दक्षिणेतली राज्यं एकामागून एक फुटू लागली. १२ एप्रिल १८६१ ला त्यांनी फोर्ट समटर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्ध पेटलं. होता होता फुटलेली राज्यं ११ झाली.

हार्पर्स फेरी वॉशिंग्टनपासून साधारण दीड तासावर. खालच्या गावात पार्किंग शोधत बसू नका. टेकडीवरच्या माहिती केंद्रात गाडी लावा आणि तिथली बस पकडा. पोटोमॅक आणि शेनान्डोआ या नद्यांच्या संगमावर, डोंगरांच्या बेचक्यात हे गाव वसलंय. इथल्या सरकारी शस्त्रागारावर जॉन ब्राउनने ऑक्टोबर १८५९ मध्ये छापा घातला. शस्त्रं मिळवून गुलामांचा उठाव करायचा, हा बेत. बंबखान्याच्या ज्या छोट्या विटांच्या इमारतीत तो शेवटी अडकला, ती आजही पाहता येते, मूळ जागेपासून थोडी सरकलेली. त्याला पकडणाऱ्या तुकडीचा प्रमुख होता रॉबर्ट ई. ली, पुढे दक्षिणेचा सेनापती झालेला. डिसेंबरात ब्राउनला फाशी झाली.

माझं मन मात्र डेंजरफील्ड न्यूबीपाशी अडकलं. हा ब्राउनचा साथीदार स्वतः मुक्त होता, पण बायको हॅरिएट आणि मुलं व्हर्जिनियात गुलामीत. छाप्यात तो मारला गेला. तिची त्याला आलेली पत्रं नंतर सापडली. बाळ रांगायला लागलंय, मालकाला पैशांची निकड आहे, लवकर येऊन मला विकत घ्या, नाहीतर दुसरं कुणी घेईल, असं तिने लिहिलं होतं. जनगणनेतल्या ४० लाखांपैकी ही एक. गावात शिरण्याआधी ही पत्रं वाचा, इंटरनेटवर मिळतात.

तिथून अँटिटम अर्ध्या तासावर. गाडीतूनच फिरायचा आखलेला मार्ग आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांनाही नेता येतं. पण ‘ब्लडी लेन’ला खाली उतराच. वर्षानुवर्षं गाड्यांच्या चाकांनी खचलेला हा शेतरस्ता दक्षिणेच्या सैनिकांनी खंदकासारखा वापरला. १७ सप्टेंबर १८६२ च्या दिवसभरात या रणभूमीवर मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे २३,००० सैनिकांची हानी झाली. लीला माघार घ्यावी लागली आणि लिंकनला हवी होती ती संधी मिळाली. पाचच दिवसांनी त्याने मुक्तीची पूर्वघोषणा केली. १ जानेवारी १८६३ पासून ती बंडखोर प्रदेशांत लागू झाली. ज्या मेरीलँडच्या मातीत ही लढाई झाली, ते राज्य फुटलेलं नव्हतं; तिथले गुलाम मात्र राज्याच्या नव्या घटनेने नोव्हेंबर १८६४ मध्ये सुटले. पुण्यात बसून जोतीराव फुले हा सगळा लढा जाणून होते. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली आहे.

अँटिटमच्या रणभूमीवर सावली कमी आणि खायला काही मिळत नाही. पाणी, दशम्या, टोपी बरोबर हवीच. उन्हाळ्यात गवतातून चाललात तर गोचिड्या तपासा.

गेटिसबर्गला मुक्काम करा; इथली मोठी लढाई १ ते ३ जुलै १८६३ अशी तीन दिवस चालली. परवानाधारक वाटाड्या तुमच्याच गाडीत बसून रणभूमी दाखवतो. पैसे जातात, पण १,३०० हून जास्त स्मारकांच्या गर्दीत तो हवाच. बुकिंग आधी करा. त्याला मुद्दाम सांगा, एब्राहम ब्रायनचं घर दाखवा. सिमेट्री रिजवरचं हे लहानसं पांढरं घर एका मुक्त काळ्या शेतकऱ्याचं. लीचं सैन्य येताना काळ्या माणसांना, मुक्त असलेल्यांनाही, पकडून दक्षिणेत पाठवत होतं. म्हणून ब्रायन कुटुंब आधीच निघून गेलं. परत आले तेव्हा घर गोळ्यांनी चाळण झालेलं आणि पिकं तुडवलेली. बसमधले पर्यटक दक्षिणेचा सेनानी पिकेट याच्या फसलेल्या हल्ल्याची जागा बघून पुढे जातात, या घराकडे फारसं कुणी वळत नाही.

ली शरण आला तो एप्रिल १८६५ मध्ये, अ‍ॅपोमॅटॉक्सला. ते दूर आहे, या फेरीत कोंबू नका. त्याऐवजी वॉशिंग्टनला परतल्यावर मेट्रोने यू स्ट्रीट स्टेशनला उतरा. उत्तरेच्या बाजूने लढलेल्या काळ्या पलटणींचं स्मारक स्टेशनच्या दारातच आहे. त्यांची दोन लाखांहून जास्त नावं भिंतींवर कोरली आहेत. तिकीट नाही, आणि गर्दीही नसते.