भिंतीवरचा लाल ठिपका

रात्रीचे साडेअकरा.

चौदा दिवसांचं मौन आज सुटलं. स्वरयंत्रावरची गाठ काढल्यानंतर डॉक्टरांनी कुजबुजायलाही मनाई केली होती. इतकी वर्षं वर्गात शिकवून शिकवून झिजवलेला आवाज, त्याला विश्रांती हवीच होती. लिहून दाखवायला पाटी हाताशी असायची. पण पाटीवरून हाक मारता येत नाही.

याच दिवसांत ते यंत्र केलं. दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा, एका तोंडावर ताणून बसवलेला फुगा आणि फुग्यावर मध्यापासून जरा बाजूला चिकटवलेला नखाएवढा आरसा. आरशावर लेझरचा झोत सोडला की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो. डब्यात बोललं की फुगा थरथरतो, आरसा हलतो, ठिपक्याची रेघ होते आणि रेघेची वेटोळी. लेकीने एकेक स्वर म्हणून पाहिला. ‘ऊ’चा जवळजवळ लंबगोल उमटला. ‘आ’ची मात्र गुंतलेली जाळी, त्यात मूळ सुरासोबत वरचे कितीतरी सूर जोरात असतात, ते सगळे आरशाला एकाच वेळी ओढतात.

१८८५ मध्ये मार्गारेट वॉट्स ह्यूज ही वेल्सची गायिका आपल्या आवाजाची ताकद मोजायला बसली होती. ताणलेल्या पडद्यावर तिने बिया ठेवल्या आणि गायली, तर बियांची नक्षी तयार झाली. पुढे ओल्या रंगात तिने फुलांसारख्या आकृत्या उमटवल्या. सुंदर आहेत त्या. पण गेले काही दिवस मनात घर करून आहे ते राफाएल लोझानो-हेमर या मेक्सिकन कलाकाराचं २००८ सालचं काम. मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को चौकात १९६८ साली विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला होता. चाळीस वर्षांनी तिथेच त्यांनी एक कर्णा ठेवला. कोणीही यावं आणि बोलावं. बोलणाऱ्याच्या आवाजाबरहुकूम १० किलोवॅटचा शोधदिवा रात्रीच्या आकाशात लुकलुकायचा. दूरच्यांना नुसता झोत दिसायचा. शब्द हवे असतील तर रेडिओ लावायचा. आणि कोणीच बोलत नसलं की जुनी ध्वनिमुद्रणं सुरू व्हायची, त्यांत त्या गोळीबारातून वाचलेल्यांचे आवाज. मग दिवा त्यांच्या बोलण्यावर हलायचा. पाटी मांडीवर घेऊन हे वाचताना मला रडू आलं.

बृहदारण्यक उपनिषदात जनक याज्ञवल्क्यांना विचारतो, माणसाला उजेड कशाचा? सूर्याचा. तो मावळला तर? चंद्राचा. तोही नसला तर? अग्नीचा. तोही विझला तर? वाणीचा, स्वतःचा हात दिसत नाही अशा काळोखात आवाज येतो तिकडे माणूस जातो. आणि वाणीच थांबली तर?

चौदा रात्री मी या पाचव्या प्रश्नापाशी बसले. याज्ञवल्क्यांचं उत्तर ठाऊक होतं: आत्मा. पण उत्तर ठाऊक असणं वेगळं. तोंड मिटून डब्याशी बसायचे, तर ठिपका स्थिर नसायचाच. माझ्या श्वासाने सरकायचा, कुठे दार लागलं की दचकायचा. त्याला आत्मा म्हणायला माझं मन धजत नाही, ती हवेची हालचाल आहे. यंत्राने आत्मा पडद्यावर दाखवू, असं कोणी म्हटलं तर मला ते पटणार नाही. मला जाणवलं ते ठिपक्याच्या अलीकडे: बोलायची इतकी ओढ असणारं कोणीतरी आत जागं होतं, आणि त्याला घशाची गरज नव्हती.

आज पाच मिनिटांची परवानगी होती. काय म्हणायचं ते दिवसभर ठरेना. अखेर खोलीत अंधार केला, लेझर लावला आणि डब्याशी तोंड नेऊन लेकीला हाक मारली. भिंतीवर एक वेडंवाकडं वेटोळं उठलं, आवाज चिरकला तिथे फाटलं, आणि परत ठिपका झालं.

पलीकडच्या खोलीतून ती आली. दिवा न लावता, सरळ माझ्यापर्यंत.