आखाडातली मुंबई आणि तळलेली कोंबडी

आषाढ संपायला तीन दिवस उरले होते. श्रावण लागला की आमच्या घरी महिनाभर सामिष बंद, त्यामुळे दरवर्षी हा आठवडा रश्श्याच्या वासाने दरवळत असतो. यंदा मात्र मी लेकाला घेतलं, नाशिकरोडला सकाळची पंचवटी पकडली आणि दोन दिवसांसाठी मुंबईला आले. तळलेली कोंबडी खायला. दुसरं काहीच काम नव्हतं.

याचं मूळ सायनला आहे. लहानपणी मे महिन्यात आम्ही भावंडं मामाकडे जायचो आणि एका शनिवारी मामा आम्हाला सगळ्यांना कोळीवाड्याला न्यायचा. आमच्या घरी कोंबडी म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत भाकरी. तळलेली कोंबडी मी पहिल्यांदा खाल्ली ती तिथे, वयाच्या आठव्या वर्षी. तळलेलं चिकन म्हटलं की माझ्या लेकाच्या डोळ्यांसमोर मॉलमधली कागदी बादली येते. त्यात वाईट काही नाही, पण मुंबईने कोंबडी किती तऱ्हांनी तळली आहे हे त्याला दिसावं असं फार वाटत होतं. आणि माझ्या आठवणीतली ती चव खरीच तशी होती का, हेही मला बघायचं होतं.

पहिलं दुपारचं जेवण फोर्टात. सीएसएमटीहून चालत निघालो आणि टाउन हॉलच्या पायऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर पावसाने पार भिजवलं. हॉर्निमन सर्कलजवळचं जिमी बॉय हे 1925 साली कॅफे इंडिया या नावाने सुरू झालेलं हॉटेल. पारशी लग्नातलं जेवण, म्हणजे लगन नु भोनू, खायला लोक इथे येतात. आम्ही मागवला फरचा.

फरचा नीट बघून खावा. आपण कटलेट करतो तेव्हा आधी अंडं आणि मग पावाचा चुरा लावतो. पारशी उलट करतात. आलं-लसूण-मिरचीत मुरवलेल्या कोंबडीला आधी चुरा, मग फेटलेलं अंडं, आणि तशीच ती ओलेती तेलात. गरम तेलात पडताक्षणी अंडं फुलतं आणि तुकड्याभोवती त्याची जाळी तयार होते. म्हणून फरचा कडकडीत नसतो. वरचा पापुद्रा मऊ, कडेकडेला कुरकुरीत, आणि आतलं मांस इतकं रसाळ की हाडापासून आपोआप सुटतं. लेकाने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आई, हे तर ऑम्लेट घातलेलं चिकन आहे." अगदी बरोबर बोलला. दुसरा तुकडा घेताना त्याने मला विचारलंही नाही.

संध्याकाळी मोहम्मद अली रोडला गेलो. रमजान नव्हता, त्यामुळे मिनारा मशिदीच्या गल्लीत चालायला जागा होती. तिथली खरी दौलत शिगेवर आणि हंडीत आहे. तळलेली कोंबडी मिळाली, चांगली होती, पण तिच्यासाठी वाकडी वाट करून यावं असं मी कुणाला सांगणार नाही. सुलेमान उस्मान मिठाईवाल्याकडची फिरनी मात्र चुकवू नये.

रात्री मावशीकडे लालबागला मुक्काम. तिच्या घराजवळच्या चायनीजच्या गाडीवर लॉलीपॉप खाल्लं आणि पस्तावलो. तेल काळं पडलं होतं, रंग इतका भडक की बोटं दुसऱ्या दिवशीही लाल. वाईट याचं वाटलं की लॉलीपॉप ही मुळात किती हुशारीची गोष्ट आहे! कोंबडीच्या पंखाला मांस ते किती. ते हाडावरून खरवडून एका टोकाला गोळा करायचं, म्हणजे दुसऱ्या टोकाला धरायला दांडी तयार. सगळ्यात स्वस्त तुकड्याचा मान एवढा वाढवला त्या कारागिरांनी! तो तुकडा जुन्या तेलात टाकताना बघून माझा जीव तुटतो.

शनिवारी हार्बर लाइनने जीटीबी नगर. पूर्वी या स्टेशनचं नावच कोळीवाडा होतं. मामा स्टेशनबाहेर छत्री घेऊन उभा. आता पंच्याहत्तरीचा आहे, गुडघे दुखतात, पण रिक्षा करू म्हटलं तर ऐकेना. "अगं, चालत गेल्याशिवाय भूक कशी लागणार?" मग रमतगमत निघालो.

चालता चालता त्याने लेकाला सांगितलं ते मीही लहानपणी ऐकलेलं. फाळणीनंतर पंजाब-सरहद्दीकडून आलेल्या निर्वासितांची इथे छावणी होती. माणसं सगळं तिकडे सोडून आली, पण हातातली चव बरोबर आली. अमृतसरी मासा तळतात तसं बेसन, ओवा, आलं-लसूण आणि तिखट लावून त्यांनी इथली कोळंबी तळली, तिला वस्तीचं नाव पडलं, आणि मग त्याच मसाल्यात कोंबडीही आली, अशी इथली जुनी माणसं सांगतात. आज देशभर कुठल्याही मेन्यूकार्डावर "कोळीवाडा" दिसतं. माझ्या एका मैत्रिणीची सासू वरळी कोळीवाड्यातली. तिला एकदा मी विचारलं होतं, तुमच्याकडे चिकन कोळीवाडा कसं करता? ती म्हणाली, "आमच्यात बेसन भज्याला. मासळीला तांदळाचं पीठ नायतर रवा." नाव कोळ्यांचं आणि हात पंजाब्यांचा. मला ही गोष्ट फार प्रिय आहे. छावणीत राहणाऱ्या माणसांनी आपल्या पदार्थाला मागे सुटलेल्या गावाचं नाव दिलं नाही, जिथे आसरा मिळाला त्या जागेचं दिलं.

मामाचं ठरलेलं हॉटेल छोटंसं आहे. कढई दारातच, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर. मी लेकाला तिथेच उभं केलं. हाडासकट तुकडे आधी मध्यम आचेवर तळून परातीत काढून ठेवलेले, फिक्या पिवळ्या रंगाचे. ऑर्डर आली की तेच तुकडे पुन्हा, आता कडक तापलेल्या तेलात. पहिल्या तळणीत मांस हाडापर्यंत शिजतं. नंतर परातीत पडल्या पडल्या वाफ निघून जाते, आणि दुसऱ्या तळणीत बेसन कडक होऊन रंग धरतं. एकदाच मोठ्या आचेवर तळलं तर बाहेर करपतं आणि हाडाशी रक्त राहतं. झाऱ्यावर निथळून ताटलीत, वर चाट मसाला, बाजूला हिरवी चटणी, कांदा, मुळ्याच्या चकत्या, लिंबू.

पहिल्या घासाला ओवा. मग बेसनाचा खमंगपणा, मग तिखट, आणि शेवटी मांसाचा गरम रस. मी डोळे मिटले. आठवण खोटी नव्हती. उलट आठवणीत ओवा नव्हताच, तो आठ वर्षांच्या मुलीला कळला नसणार.

फरचा मांसासाठी खावा आणि कोळीवाडा वरच्या सालीसाठी, असं माझं मत झालं. दोन्हींतून एकच निवड म्हणाल तर कोळीवाडा, आणि तोही हाडाचाच. बोनलेस मागवू नका. हाडाशिवाय तो तुकडा लवकर कोरडा पडतो आणि मग नुसती भजी खाल्ल्यासारखं होतं.

मामाने स्वतःच्या ताटलीत दोनच तुकडे घेतले. डॉक्टरांनी तळलेलं कमी करायला सांगितलंय. एक तुकडा त्याने अगदी सावकाश, हाड स्वच्छ होईस्तोवर खाल्ला. दुसरा, तंगडीचा, त्याने हळूच माझ्या ताटलीत सरकवला. लहानपणी तंगड्या दोन आणि आम्ही पोरं पाच, तेव्हाही तो असंच करायचा.

संध्याकाळच्या पंचवटीसाठी एक फुल प्लेट पार्सल घेतलं. मामाने हॉटेलवाल्याला डब्याचं झाकण लावू दिलं नाही. "वाफ कोंडली की साल मऊ पडते, कागदातच दे." कसारा घाटात पावसाची झोड उठली, खिडक्या बंद, आणि आमच्या डब्यात ओव्याचा वास पसरला. शेजारच्या काकूंनी दोनदा पिशवीकडे बघितलं. इगतपुरी यायच्या आत लेकाने पुडी सोडली आणि पहिला तुकडा काकूंपुढे धरला.

"घ्या ना," तो म्हणाला, "सोमवारी श्रावण लागतोय."