अप्पांची दुर्बीण आणि एप्रिलचे पाच दिवस

"मोकळ्यावरचं दाखव बघ. जाळीमागचं बघायला एवढ्या लांब विमानात कशाला बसायचं?"

सोलापूरहून अप्पांचा हा निरोप आला आणि आमची सहल खऱ्या अर्थाने ठरायला लागली. आई-अप्पा एप्रिलमध्ये मेलबर्नला येत आहेत. तिकडे उन्हाचा पारा चाळिशी ओलांडत असेल, इथे शरद ऋतू सुरू झालेला असेल, आणि मुलांच्या शाळेला दोन आठवडे सुट्टी. पाच दिवस बाहेर पडायचं, कांगारू, वॉम्बॅट (बीळ करून राहणारा गुबगुबीत पिशवीवाला प्राणी), कोआला, पेंग्विन बघायचे, तेही त्यांच्या स्वतःच्या घरात.

अप्पांचा आग्रह मला नवा नाही. मी चौथीत असताना ते मला स्कूटरवर पुढे उभं करून बार्शी रोडने नान्नजच्या माळढोक अभयारण्यात न्यायचे. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. माळरानावर पोचलं की बोलायचं नाही. काळविटांचे कळप दिसायचे, कधी खोकड, एकदा लांबून लांडगाही दिसला. माळढोक मात्र तीन खेपा दिसलाच नाही. चौथ्या खेपेला गवतातून एक उंच पांढरी मान वर आली, डोक्यावर काळी टोपी. अप्पांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि कानात म्हणाले, "श्वास हळू घे." पक्षी चार पावलं चालला, थांबला, पुन्हा चालला. इतकंच. पण तो दिवस मला आजही जसाच्या तसा आठवतो.

म्हणून आम्ही ठिकाणांपासून नव्हे, प्राण्यांच्या घड्याळापासून सुरुवात केली. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने एका कागदावर रकाने आखले: कोण, कुठे, कधी जागं. कांगारू पहाटे आणि संध्याकाळी चरतात. वॉम्बॅट उन्हं कलल्यावर बिळातून बाहेर येतो. पेंग्विन अंधार पडताना समुद्रातून किनाऱ्यावर येतात. कोआला दिवसातले अठरा-वीस तास झाडावर झोपतो, त्यामुळे त्याच्यासाठी ठरावीक वेळ नाही, मान वर करून बघायची सवय लागते. कागद भरल्यावर लक्षात आलं की दुपार पूर्ण मोकळी आहे. आईचे गुडघे आणि धाकट्याची झोप, दोन्हींची सोय आपोआप झाली.

पहिल्या यादीत सात ठिकाणं होती. रोज चार तास गाडीत बसून प्रत्येक जागी अर्धा तास, असा तो हिशेब होता. आम्ही त्यातली चार काढून टाकली. ग्रेट ओशन रोड सोडताना नवऱ्याला वाईट वाटलं, पण तो रस्ता पुन्हा होईल. ईस्टरची गर्दीही टाळली.

पहिला मुक्काम फिलिप आयलंड. मेलबर्नपासून साधारण १४० किलोमीटर. इथले पेंग्विन जगातल्या सगळ्यात छोट्या जातीचे, उंची जेमतेम फूटभर, वजन किलोभर. दिवसभर समुद्रात मासे धरतात आणि काळोख झाला की घोळक्याने वाळू ओलांडून बिळांकडे जातात. तिकीट आधी काढावं लागतं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर सूर्य सहाच्या आसपास मावळतो. उन्हाळ्यात हेच पेंग्विन बघायला रात्री नऊपर्यंत बसावं लागतं. आईसाठी एप्रिल बरा. फोटो काढायला पूर्ण मनाई आहे, मोबाइलनेही नाही, कारण प्रकाशाने पक्षी बिथरतात. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग मावशीला काय दाखवू?" मी म्हटलं, तू सांग, ती ऐकेल.

पण त्या किनाऱ्याची मला भावलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे, समरलँड नावाच्या टोकावर, एकेकाळी माणसांची वस्ती होती. घरं, रस्ते, गाड्या, कुत्री, आणि बाहेरून आणलेले कोल्हे. पेंग्विन कमी होत चालले. १९८५ साली व्हिक्टोरिया सरकारने ठरवलं की ही सगळी मालमत्ता हळूहळू विकत घ्यायची आणि जमीन पक्ष्यांना परत द्यायची. पंचवीस वर्षं ते काम चाललं, २०१० मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर २०१७ मध्ये बेट कोल्हामुक्त जाहीर झालं. त्यामुळे आणखी एका जीवाला तिथे आसरा मिळाला: पट्टेवाला बँडिकूट, सशापेक्षा लहान, लांब नाकाचा. मेलबर्नच्या पश्चिमेच्या गवताळ माळावरचा हा प्राणी. तो माळ नांगराखाली आणि इमारतींखाली गेला, उरलेल्या तुकड्यांत कोल्ह्यांनी त्याला राहू दिलं नाही. जंगलातून तो नामशेष धरला गेला होता. २०२१ मध्ये तो शिक्का काढून त्याला 'धोक्यातला' या वर्गात आणलं. धोक्यात असणं ही आनंदाची बातमी वाटावी, अशी ही गोष्ट.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे नान्नजच होतं. आपलं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर साधारण ८,५०० चौरस किलोमीटरचं होतं, सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं त्या रेषेच्या आत. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांचा राग पक्ष्यावर निघू लागला, आणि तो राग मी घरोघरी ऐकला आहे. शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण माळढोक काही परतला नाही. एका वेळी एकच अंडं घालणारा पक्षी, तेही उघड्या जमिनीवर. वजन पंधरा किलोपर्यंत, डोळे बाजूला, त्यामुळे उडताना समोरची वीजतार त्याला वेळेत दिसत नाही. देशात आता दीडशेही उरले नाहीत, बहुतेक राजस्थानात. आपल्या माळावर तो दिसला तर बातमी होते. जागा माणसांकडून योग्य मोबदला देऊन आणि वेळ घेऊन परत मिळवता येते, हे समरलँडला दिसलं. तिथली वस्ती छोटी आणि सुट्टीच्या घरांची होती, आपल्याकडे शेतकऱ्याचं पोट आहे, हा फरक मला कळतो. तरी उरलेलं गवत तेवढं राखावं, असं फार मनापासून वाटतं.

दुसरा मुक्काम विल्सन्स प्रोमोंटरी, दोन रात्री. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं दक्षिणेचं टोक. आतल्या टायडल रिव्हर इथल्या खोल्या काही महिने आधी भरतात, आम्हाला थोडक्यात मिळाली. तिथे जुन्या धावपट्टीजवळ दोन-सव्वादोन किलोमीटरची सपाट पायवाट आहे. कांगारू, इमू आणि नशीब असेल तर वॉम्बॅट. वॉम्बॅटच्या मादीची पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे बीळ उकरताना पिल्लावर माती पडत नाही. धाकट्याला मात्र त्याची लेंडी चौकोनी असते याचंच अप्रूप जास्त.

तिथला एक नियम आम्ही अनुभवाने केला आहे: अंधारात गाडी चालवायची नाही. इथे आलो त्या पहिल्या वर्षी परतताना संध्याकाळी एक कांगारू झुडपातून थेट बोनेटसमोर उडी मारून आला. ब्रेक लागला, तो वाचला, आम्हीही. रस्त्याकडेला मेलेला कांगारू दिसला तर इथले लोक गाडी सुरक्षित थांबवून, ती मादी असेल तर पोटाच्या पिशवीत जिवंत पिल्लू आहे का बघतात आणि मदत केंद्राला फोन करतात. तो नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मुलांना मी हे सांगून ठेवलं आहे.

तिसरं ठिकाण रेमंड आयलंड, खास आईसाठी. पेन्सविलहून तराफ्यासारखी फेरी काही मिनिटांत पलीकडे नेते, पायी जाणाऱ्याला फुकट. १९५० च्या दशकात तिथे कोआला आणून सोडले, आता ते लोकांच्या अंगणातल्या निलगिरीवरही झोपलेले असतात. चढ नाही, घाई नाही.

प्लॅटिपस मी यादीत घातला नव्हता. अंडी घालणारा सस्तन प्राणी, पाण्यात डोळे-कान मिटून चोचीने भक्ष्याच्या शरीरातली वीज ओळखणारा. पण तो दिसेल असं कुणाला सांगवत नाही. अप्पा म्हणाले, "न दिसणाऱ्याकडेही एकदा जाऊन यावं." मग घरी परतल्यावर एका पहाटे यारा नदीकाठी वॉरनडाइटला जायचं ठरलं. थर्मास, चटई, आणि पाण्यावर बाणासारखी सरकणारी लाट शोधत बसायचं.

आईची तयारी वेगळी चालली आहे. शेंगा चटणी आणते आहे. विमानात भरायच्या कार्डावर खाण्याचे पदार्थ 'आहेत' असंच लिही, हे तिला तीनदा सांगितलं. पेंग्विनच्या किनाऱ्यावर सिमेंटच्या पायऱ्यांवर तासभर बसायचं आणि समुद्रावरून गार वारा येतो, हे ऐकल्यावर तिने दोन सोलापुरी चादरी बॅगेत घातल्या. एक खाली, एक अंगावर.

काल मुलीने तिच्या तक्त्याचा फोटो अप्पांना पाठवला. तासाभराने तो परत आला. त्यांनी छापून घेतला होता आणि तळाशी निळ्या शाईने एक ओळ वाढवली होती: काळवीट, लांडगा. नान्नज. डिसेंबर, हुरड्याच्या दिवसात. पहाटे साडेपाचला निघायचं.