डाव्या हातातलं फूल

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज गंगेवरून, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवरून, घरी यायला उशीर झाला. पाऊस नुकताच थांबला होता, रामकुंडाकडची गर्दी ओसरली होती. नारोशंकराच्या देवळापाशी थोडी उभी राहिले. वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर आणलेली ती घंटा लहानपणापासून पाहतेय. पुराच्या दिवसांत बाबा बाहेरून आले की आजीचा पहिला प्रश्न असायचा, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? आणि दुसरा, नारोशंकराच्या घंटेला लागलं का? आज त्या घंटेकडे पाहताना कानात मात्र एस्टोनियाचा संगीतकार आर्व्हो पॅर्ट वाजत होता.

लेक म्युनिकला गेल्यापासून तिचा डिजिटल पियानो झाकून ठेवला होता. मी मध्यमा परीक्षेपर्यंत गाणं शिकलेली, पियानो मला येत नाही. तिनं पॅर्टचं ‘फ्यूर अलिना’ पाठवलं आणि म्हणाली, आई, हे तुला वाजवता येईल. रचना अवघी दोन पानांची. आठ महिने झाले, मी अजून तिथंच आहे.

सुरुवातीला खर्जात एकच सूर वाजतो आणि पेडलमुळे तो खाली घुमत राहतो. वर उजवा हात पायरी-पायरीनं चालतो. डावा हात फक्त तीन सुरांत फिरतो. मूळ सूर षड्ज धरला तर सा, कोमल गंधार आणि पंचम. मला आधी वाटलं, हा तर तानपुराच. पण तसं नाही. तानपुरा गाणाऱ्याच्या मागे उभा असतो. इथं डावा हात उजव्याच्या प्रत्येक सुराबरोबर स्वतःचं पाऊल टाकतो, तरी घर सोडत नाही. ताल नाही, ठेका नाही. ओळीत एकेक सूर वाढत जातो, मग एकेक कमी होत परत येतो, घाटाच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्यात तसा. या पद्धतीला पॅर्टनं ‘तिंतिनाबुली’ म्हटलं. लॅटिनमध्ये याचा अर्थ लहान घंटा.

हे त्याला सहज सुचलं नाही. १९६८ साली त्याच्या ‘क्रेडो’ या ख्रिस्ती श्रद्धेच्या रचनेवर सोव्हिएत सत्तेची वक्रदृष्टी झाली. त्यानंतर १९७६पर्यंत त्यानं फारच थोडं लिहिलं. चर्चमधलं जुनं, एकाच स्वरओळीचं गायन घेऊन बसला, वह्याच्या वह्या एकेका ओळीच्या चालींनी भरल्या. मला ही वर्षं त्याच्या सगळ्या संगीताइतकीच मोलाची वाटतात. गुरुजी पहाटे खर्ज लावायला बसवायचे आणि तासभर एका षड्जाशिवाय काही गाऊ द्यायचे नाहीत. मी तेव्हा चिडायचे. त्या तासाला काय म्हणायचं, ते आत्ता कळतंय.

लोक हे संगीत झोप येण्यासाठी लावतात. मला ते पटत नाही. ‘फ्यूर अलिना’च्या स्वरलिपीवर गतीच्या जागी लिहिलंय: शांत, उदात्त, स्वतःच्या आत कान लावून. असा कान लावला की उलट लख्ख जाग येते. पॅर्टची श्रद्धा ऑर्थोडॉक्स चर्चची, माझी काळारामाच्या पायरीवर वाढलेली. तरी ज्या क्षणी सूर विरत जातो आणि पुढचा अजून आलेला नसतो, तिथं मला हात जोडावेसे वाटतात. देवळात गेले तरी हल्ली हे इतकं सहज होत नाही.

आणि ते फूल! डावा हात संपूर्ण रचनेत एकदाच आपले तीन सूर सोडतो आणि शुद्ध रिषभावर जातो. पॅर्टनं हस्तलिखितात तिथं फूल काढलंय. परदेशी गेलेल्या मुलीच्या नावाची ही रचना. हे कळल्यापासून माझा हात तिथं अडखळतो.

आज जेवण झाल्यावर वाजवायला बसले. रिषभ बरोबर लागला, जरा जड पडला एवढंच. शेवटच्या सुरानंतर पेडलवरून पाय काढला नाही. खाली कुणीतरी गेट ओढलं, लोखंड वाजलं, ते त्यातच मिसळून गेलं. म्युनिकमध्ये आत्ता संध्याकाळ असेल. फोन हातात घेतला होता, पण सूर अजून पुरता विझला नव्हता.